कामवारीचे पाणी : डोंगरापासून खाडीपर्यंत

(द्वितीय वर्ष कला, भूगोल)

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. ऋषींच्या कुळाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही; परंतु भूगोलाच्या विद्यार्थ्याला नदीचे मूळ शोधल्यावाचून गत्यंतर नसते. त्यातून ज्या नदीवरून आपल्यापैकी कितीतरी जण रोज एस.टी.ने महाविद्यालयात येतात, तिचे पाणी वरच्या गावांत हंड्यात भरण्याजोगे आणि नदीनाक्याच्या पुलाखाली नाकाला पदर लावण्याजोगे का होते, हा प्रश्न तर कुणालाही पडावा. ‘शहराची घाण’ हे त्याचे उत्तर सर्वांना तोंडपाठ आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. शहर लागण्यापूर्वीही पाणी वाटेवर बदलतच आलेले असते. ते आधी कसे होते हेच ठाऊक नसेल, तर शहराने त्यात नेमके काय घातले हे आपण कशाच्या आधारावर सांगणार? म्हणून या लेखात कामवारीच्या पाण्याबरोबर वरून खाली यायचे आहे.

प्रथम ‘पाणलोट क्षेत्र’ या शब्दाचा अर्थ पाहू. कौलारू घराचे आढे आठवावे. आढ्याच्या एका अंगाला पडलेला थेंब ओटीपुढच्या पागोळीतून गळतो, दुसऱ्या अंगाचा परसात. डोंगराचा माथा हे असेच आढे असते. ज्या ज्या उतारांवरचे पाणी शेवटी एकाच प्रवाहाला मिळते, ते सगळे उतार, त्यांवरचे रान, शेते, गावे आणि गिरण्यासुद्धा, त्या प्रवाहाच्या पाणलोट क्षेत्रात मोडतात. आपल्या भिवंडी तालुक्यात अशी आढी अनेक आहेत. उत्तरेकडील वज्रेश्वरी-गणेशपुरीकडचे पाणी तानसा नदीला मिळते व वैतरणेच्या खाडीकडे जाते. दक्षिणेकडे उल्हास नदीची खाडी आहे. आणि मधल्या टेकड्यांचे पाणी घेऊन कामवारी शहराला वळसा घालते व वसईच्या खाडीत उतरते. नकाशावर ही नदी बोटभर दिसते. मोठ्या नद्यांच्या यादीत तिला कुणी जागा देत नाही. परंतु अभ्यासाला लहान नदी बरी, कारण तिच्यावर कुठे काय घडले ते शोधता येते.

सुरुवात पावसापासून केली पाहिजे. पावसाचे पाणी म्हणजे गाळून काढलेले निर्मळ पाणी अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात थेंब ढगातून जमिनीवर पोहोचेपर्यंतच त्यात बरेच काही मिसळलेले असते. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. त्यामुळे अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू (म्हणजे आम्लता मोजण्याचे माप, ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्कली) सुमारे ५.६ असतो. शिवाय आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. लाटांच्या तुषारांतून उडालेले मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येतात, म्हणून कोकणातल्या पावसात सोडियम आणि क्लोराइड थोड्या प्रमाणात असतेच. खाडीचे मीठ नदीला शेवटी भेटते असे आपण म्हणतो, पण त्याची चव तिने आकाशातच घेतलेली असते. हवेतील चुनखडीयुक्त धूळ उलट या आम्लाला मारते. त्यामुळे भारतात पुष्कळ ठिकाणचा पाऊस उदासीनाच्या जवळ आढळतो. जिथे कोळसा आणि तेल फार जळते, तिथे गंधकाचे व नायट्रोजनचे वायू मिसळून आम्लता पुन्हा वाढते. मृगाच्या पहिल्या सरीत छपरावरून काळे पाणी येते व आई पहिल्या पावसाचे पाणी हंड्यात धरू देत नाही, त्याला रसायनशास्त्राचाही पाठिंबा आहे.

जमिनीवर उतरल्यावर पाण्याची खरी देवाणघेवाण सुरू होते. झाडाच्या पानांवरून ओघळताना पाणी पानांतले पोटॅशियम धुऊन घेते. पुढे ते मातीत मुरते. मातीतील मुळे आणि असंख्य जिवाणू श्वासोच्छ्वास करीत असल्याने तेथील हवेत कार्बन डायऑक्साइड वातावरणापेक्षा दहापट ते शंभरपट असतो. म्हणजे पावसाने आणलेले आम्ल तुटपुंजे, आणि खरी आम्लाची भट्टी मातीत! शिवाय चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांचे आयन चिकटून बसलेले असतात. पाण्यातला आम्लाचा अंश माती स्वतःकडे ठेवते आणि बदल्यात हे क्षार सोडते. बाजारातल्या अदलाबदलीसारखाच हा व्यवहार आहे, फक्त यात उधारी नाही.

इथे आपल्या भागातील एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. ठाणे जिल्ह्यात भाताची रोपे करण्यापूर्वी ‘राब भाजण्याची’ पद्धत आहे. ऐनासारख्या झाडांचा कवळ, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर जमिनीच्या तुकड्यावर पसरून उन्हाळ्यात ते पेटवून देतात. पुस्तकांत या पद्धतीवर बरीच टीका वाचायला मिळते. झाडे ओरबाडली जातात हे खरेही आहे. परंतु पाण्याच्या दृष्टीने पाहू गेल्यास, राबाची राख म्हणजे पोटॅशियम व कॅल्शियमचे अल्कधर्मी क्षार, आणि ती पहिल्या जोरदार पावसात काही अंशी ओढ्यात जाते. जूनच्या आरंभी ओढ्याचे पाणी ऑगस्टच्या पाण्यापेक्षा क्षारांनी जड असते, त्याला उन्हाळाभर साठलेली धूळ आणि शेण जसे कारण आहे तशी ही राखही आहे. तेव्हा शहराच्या वर, जिथे एकही धुराडे नाही, तिथेही माणसाचा हात पाण्याला लागलेलाच असतो.

माती आणि रान पाण्याला किती बदलतात याचा जगातला गाजलेला अभ्यास अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक या जंगलात झाला. १९६३ साली बोरमन आणि लायकेन्स या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह तेथील छोट्या छोट्या पाणलोटांच्या तोंडाशी बंधारे घालून हिशेब ठेवायला सुरुवात केली : पावसातून काय आले आणि ओढ्यातून काय गेले. दुकानदार जमाखर्च लिहितो तसाच, पण मूलद्रव्यांचा! १९६५ च्या हिवाळ्यात एका पाणलोटातील सारी झाडे तोडून तिथेच पडू दिली आणि पुन्हा काही उगवू नये म्हणून तणनाशक फवारले. परिणाम असा झाला की ओढ्यातील नायट्रेटचे प्रमाण पहिल्या वर्षी ४१ पट आणि दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. शेजारच्या अबाधित पाणलोटात तसे काही घडले नाही. जंगल उभे असताना मुळे जो नायट्रोजन धरून ठेवीत होती, तो झाडे जाताच पाण्याबरोबर निघून गेला. याच जंगलात आणखी एक गोष्ट दिसली. डोंगराच्या वरच्या भागात, जिथे माती पातळ आहे, तिथे ओढ्याचे पाणी अधिक आम्ल व ॲल्युमिनियमयुक्त असते आणि खाली खोल मातीतून झिरपून आलेले पाणी हळूहळू सौम्य होत जाते. एकाच ओढ्याचे, एकाच दिवसाचे, काही शे मीटरच्या अंतरावरचे पाणी वेगळे!

आपल्याकडे असा आम्ल ओढा सहसा सापडणार नाही. याचे कारण आपल्या पायाखालचा काळा कातळ. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरांवर थर पसरून दख्खनचा जो बसाल्ट तयार झाला, तो आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे आणि भिवंडीच्या टेकड्या त्याच्याच. अमेरिकेतल्या त्या जंगलाखालच्या खडकापेक्षा बसाल्टमधील खनिजे फार लवकर झिजतात. मातीतून आलेले कार्बोनिक आम्ल त्यांतील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सोडवून घेते, थोडी सिलिकाही विरघळते, आणि मागे उरते ती चिकणमाती. आम्लाचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. म्हणून दख्खनच्या स्वच्छ नद्यांचे पाणी साधारणपणे कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेट या जातीचे आणि किंचित अल्कधर्मी असते. खाणीतल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत आपण जे पांढरे चमकदार स्फटिक पाहतो, ते झिओलाइट गटातील खनिजेही फार पूर्वी खडकात फिरणाऱ्या पाण्यानेच तेथे मांडलेली आहेत.

या झिजेचे महत्त्व केवळ ओढ्यापुरते नाही. बायकार्बोनेट म्हणून नदीतून समुद्राकडे जाणारा कार्बन मूळचा हवेतला असतो. जगात सिलिकेट खडकांच्या रासायनिक झिजेमुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेतून काढला जातो, त्यातील सुमारे एक तृतीयांश वाटा एकट्या बसाल्टचा आहे, असा अंदाज दख्खनच्या नद्यांचाही अभ्यास करणाऱ्या फ्रेंच संशोधकांनी मांडला. आपली बोटभर कामवारीही त्यात आपला वाटा उचलते, हे वाचून मला तिच्याविषयी थोडा आदर वाटू लागला.

पाणी खडकाच्या सहवासात जितके अधिक काळ राहते, तितके क्षार अधिक घेते. ही गोष्ट समजायला प्रयोगशाळा लागत नाही. आमच्या गावात विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ चटकन शिजते आणि बोअरवेलच्या पाण्यात ती तासभर टणटणीत राहते. बायका त्याला ‘जड पाणी’ म्हणतात, शाळेच्या पुस्तकात त्याला ‘दुष्फेन’ म्हणतात. बोअरवेलचे पाणी खोल भेगांत दीर्घकाळ राहिलेले असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीच्या सालीखालच्या पेशींना घट्ट बांधून ठेवते, आणि साबणाशी मिळून फेसाऐवजी चोथा करते. गेल्या ऑक्टोबरात मी एक साधा प्रयोग केला. स्टीलच्या चार ताटल्यांत एकेक पेला पाणी घेऊन उन्हात आटवले : शेवटच्या सरींचे धरलेले पाणी, वरच्या ओढ्याचे, बोअरवेलचे आणि खाडीचे. पावसाच्या ताटलीत जेमतेम धुळीचे डाग उरले. ओढ्याच्या ताटलीत बोट फिरवल्यावर कळेल एवढा पातळ पांढुरका थर, बोअरवेलच्या ताटलीत खरवडून निघेल असा, आणि खाडीच्या ताटलीत सरळ मीठ. आईने तेवढ्यात ताटल्या घासायला नेल्या नसत्या तर वजनही करता आले असते.

जमिनीखाली आणखी खोल गेलेल्या पाण्याचे काय होते, हे आपल्याच तालुक्यात पाहायला मिळते. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील उष्ण कुंडे तानसाच्या काठी आहेत. या तानसा नदीवर वर शहापूर तालुक्यात १८९२ साली पुरे झालेले धरण आहे व त्याचे पाणी मुंबई पिते. कुंडांचे पाणी ४० ते ५५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. कोकणात अशा झऱ्यांची एक मोठी रांगच उत्तर-दक्षिण पसरली आहे. खडकातील खोल भेगांतून आत गेलेले पाणी तेथील उष्णतेने तापते आणि वर येते. लोक त्याला गंधकाचे पाणी म्हणतात. परंतु त्यातील मुख्य क्षार सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड हे आहेत. म्हणजे कुंडापासून हाकेच्या अंतरावर वाहणाऱ्या ओढ्याचे पाणी बायकार्बोनेट जातीचे आणि कुंडातले क्लोराइड जातीचे. पाऊस दोघांवर एकच पडला, वाटा मात्र निराळ्या झाल्या.

पुन्हा कामवारीकडे वळू. टेकड्या उतरून सपाटीला आल्यावर तिला भाताची खाचरे भेटतात. पाणी भरलेल्या खाचरात मातीला हवा मिळत नाही. मातीतल्या जिवाणूंना श्वासासाठी ऑक्सिजन न मिळाल्याने ते प्रथम नायट्रेट वापरून टाकतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. युरिया घातल्यावर त्यातला काही भाग असा उडून जातो, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने नुकसानीचे, पण नदीच्या दृष्टीने खाचर म्हणजे एक गाळणीच ठरते. नायट्रेट संपले की जिवाणू मातीतल्या लोहाकडे वळतात. एरवी न विरघळणारे तांबडे लोह त्यामुळे विरघळून पाण्यात उतरते. बांधातून पाझरणाऱ्या पाण्यावर भाद्रपदात जो रंगीत तवंग दिसतो, तो पुष्कळदा तेलाचा नसून या लोहाचा असतो. काडीने हलवून पाहावे : तेलाचा तवंग पुन्हा जुळतो, लोहाचा पापुद्र्यासारखा फुटतो आणि फुटलेलाच राहतो. हे लोह लक्षात ठेवावे, कारण पुढे नदीनाक्याला ते पुन्हा भेटणार आहे.

आता शहर. भिवंडी म्हणजे यंत्रमाग, हे महाराष्ट्राबाहेरही ठाऊक आहे. माझे वडील मागावर काम करतात, त्या मजुरीतून माझी फी भरली जाते आणि आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. तेव्हा कापडाच्या धंद्याविषयी लिहिताना माझी लेखणी निःपक्षपाती राहील अशी शाश्वती देता येत नाही. पण एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माग स्वतः पाणी घाण करीत नाही. विणकाम कोरडे काम आहे. त्याने कान जातात आणि छातीत तंतू जातात, पण नदीत फारसे काही जात नाही. पाण्याचा संबंध विणकामाच्या आधी आणि नंतर येतो. आधी सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला पिठाची खळ देतात, म्हणजे धागा मागावर तुटत नाही. नंतर, जिथे कापड धुऊन रंगवतात त्या डाईंग-प्रोसेसच्या कारखान्यात, ही सगळी खळ पुन्हा धुऊन काढावी लागते. तिच्या जोडीला कॉस्टिक सोडा, विरंजक, न बसलेला रंग आणि रंग सुतावर बसावा म्हणून टाकलेले भरपूर मीठ हेही पाण्याबरोबर येते.

यातील रंग डोळ्यांना खुपतो म्हणून सर्वांचा राग रंगावर असतो. माझ्या मते नदीचा खरा घात खळ करते, आणि शहराचे सांडपाणी तिला साथ देते. खळ हे विष नाही, अन्न आहे. पण पाण्यात अन्न आले की ते खाणारे जिवाणू भराभर वाढतात आणि खाताना पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. आपल्या हवामानात, ३० अंश तापमानाला, गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढाच ऑक्सिजन राहू शकतो. माशांना निदान चारच्या आसपास लागतो. म्हणजे शिलकीत जेमतेम साडेतीन! थंड देशातील नदीची शिल्लक मोठी असते, आपली मुळातच तुटपुंजी. सांडपाणी किती ऑक्सिजन खाईल हे मोजण्यासाठी आपल्याकडे नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. नदीत सोडावयाच्या पाण्याला ही मर्यादा ३० मिलिग्रॅम प्रतिलिटर घालून दिलेली आहे. म्हणजे मर्यादेत बसणारे सांडपाणीसुद्धा, त्याला कित्येक पट स्वच्छ पाणी मिळाले तरच निभावते. पावसाळ्यात ते मिळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचे ओढे कोरडे पडतात. तेव्हा नदीनाक्याला जे वाहते त्यात डोंगराचे पाणी कितीसे असणार?

सांडपाण्यातील अमोनिया हा आणखी एक हिस्सेकरी. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन खर्ची पडतो. ऑक्सिजन संपला की तळाशी तीच गोष्ट सुरू होते जी खाचरात पाहिली, पण खाचराच्या पुढे एक पायरी. लोहही पुरेनासे झाल्यावर जिवाणू सल्फेटचा वापर करतात आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, बाहेर पडतो. तो वरून आलेल्या लोहाशी मिळून काळे लोह-सल्फाइड बनते. नदीनाक्याचा काळा चिखल हा असा आहे : काळ्या कातळातून सुटलेले लोह, खाचरातून विरघळून आलेले, आणि शेवटी पुन्हा काळे झालेले.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा १९६९ सालीच केला, १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले, आणि सबंध देशाचा कायदा १९७४ साली आला. शुद्धीकरणाच्या टाक्यांत खळ जिवाणूंकडूनच खाऊन टाकता येते, अमोनियाचे नायट्रेट करता येते, रंगही बराच बसवता येतो. हे सारे जुने आणि जमणारे तंत्र आहे. पैसा आणि वीज लागते इतकेच. माझ्या वडिलांची मजुरी आणि नदी यांत एकाचीच निवड करायला हवी, असे जे बोलले जाते ते मला म्हणूनच पटत नाही. ज्या पाण्याने नदी मरते ते मागातून निघत नाही, आणि जिथून निघते तिथे ते अडवता येते. अवघड आहे ते मीठ. विरघळलेले मीठ साध्या टाकीत बसत नाही, जिवाणू ते खात नाहीत. नदी खाडीला मिळाल्यावर त्याचे काही वाटत नाही, कारण तिथे समुद्राचे पाणी मुळातच लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार घेऊन उभे असते. पण खाडीला पोहोचण्यापूर्वी ते नाल्याकाठच्या विहिरीत पाझरले तर ती विहीर गेली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा अवघी ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर, म्हणजे अर्धा ग्रॅम आहे. तेव्हा एकच पदार्थ दोन कोसांच्या अंतरात एका जागी घातक आणि दुसऱ्या जागी निरुपद्रवी ठरतो.

शेवटचा टप्पा खाडीचा. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे केवळ मिसळणी होत नाही. नदीतील चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलतात म्हणून पाणी दिवसेंदिवस गढूळ राहते. खाऱ्या पाण्यातील क्षारांमुळे ही दूर ढकलण्याची शक्ती जाते, कण एकत्र येऊन गठ्ठे होतात आणि तळाला बसतात. विरघळलेले लोहही इथेच गाळात उतरते. खाडीचा गुडघाभर चिखल आणि त्यावर उभी खारफुटी ही या क्रियेची कमाई. गाळाबरोबर रंगांतले व कारखान्यांतले जड धातूही बसतात, ही तिची दुसरी बाजू. माझे आजोळ खाडीकाठचे. मामा लहानपणी कोळंबी, चिंबोऱ्या, बोयटे पकडत असे. आजही निवट्या चिखलावर उड्या मारताना दिसतात, कारण हा मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो. ज्यांना पाण्यातल्याच ऑक्सिजनवर भागवावे लागते त्यांची गोष्ट वेगळी. भरतीबरोबर समुद्राचे ताजे पाणी आत येते, ओहोटीला शहराचे पाणी खाली उतरते आणि पुढच्या भरतीला त्यातले बरेचसे पुन्हा वर ढकलले जाते. उधाणाच्या दिवसांत खाडी धुऊन निघते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा जोर कमी असल्याने तेच पाणी तिथल्या तिथे येरझारा घालते. मामा म्हणतो, भांगाला जाळ्यात मासा कमी आणि चिखल जास्त.

म्हणून खाडीजवळच्या पाण्याचा नमुना घेताना तारखेबरोबर तिथी आणि भरतीची वेळ लिहिली पाहिजे. नाहीतर दोन नमुन्यांची तुलना व्यर्थ आहे. येत्या वर्षी भूगोल विभागातील आम्ही काही विद्यार्थी वरचा ओढा, खाचरांच्या खालची जागा, नदीनाका आणि खाडी अशा चार ठिकाणचे पाणी दर पंधरवड्याला घेणार आहोत. सामूचे कागद एका विज्ञान महाविद्यालयातील मैत्रीण देणार आहे. नदीकाठच्या गावांतून येणाऱ्या ज्या मित्र-मैत्रिणींना यात भाग घ्यावयाचा असेल, त्यांनी काचेची झाकणाची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून, आत हवेचा बुडबुडा राहणार नाही अशी काठोकाठ भरून आणावी, आणि सकाळच्या पहिल्या तासापूर्वी विभागात पोहोचवावी. दुपारपर्यंत ती दप्तरात राहिली तर तोवर बाटलीतल्या जिवाणूंनी आपले काम सुरू केलेले असते.